कार्थेजच्या बागेभोवतीची मोकळी जमीन

कार्थेज हे प्राचीन शहर ट्यूनिशियाची राजधानी ट्यूनिस हिच्या शेजारी, समुद्रकाठी आहे. ट्यूनिसहून ला मार्साकडे जाणाऱ्या लोकलने कार्थेज-हॅनिबल स्थानकावर उतरायचे आणि समुद्राच्या दिशेने उतार धरायचा. थोड्याच वेळात अँटोनिनस स्नानगृहांच्या उद्यानाचे फाटक येते. आत चार हेक्टरांहून थोडी मोठी बाग आहे. तिच्यातल्या वाटा कुणा बागकाम अधिकाऱ्याने आखलेल्या नाहीत, त्या रोमन कार्थेजच्या काटकोनी रस्त्यांवरूनच जातात. दोन्ही बाजूंना खजूर, सरू, जास्वंद आहेत. झाडांच्या आडोशाला प्युनिक, म्हणजे रोमनांच्या आधीच्या कार्थेजच्या काळातली थडगी, घरांचे पाये आणि सुरुवातीच्या ख्रिस्ती काळातले एक छोटे दफनमंदिर आहे, आणि तळाशी, पाण्याला अगदी लागून, रोमन आफ्रिकेतल्या सर्वांत मोठ्या स्नानगृहांचे अवशेष.

अशा जागांबद्दल दोन मागण्या सतत होत असतात. पडलेले पुन्हा उभारा, म्हणजे पर्यटक येतील, ही पहिली. भोवतालच्या जमिनीवरचे निर्बंध सैल करा, कारण गावात माणसे राहतात, ही दुसरी. पहिली मागणी कार्थेजमध्ये मान्य होता कामा नये. दुसरीत तथ्य आहे, पण तिचे उत्तर सरसकट सूट देऊन मिळणार नाही. या उद्यानाला पुनर्बांधणीची गरज नाही. त्याला वर्षभर चालणारी साधी देखभाल हवी आहे आणि भोवतीची मोकळी जमीन कागदावर पक्की व्हायला हवी आहे. दोन्ही कामांत उद्घाटनाची फीत कापायला मिळत नाही, आणि ती मागे पडतात याचे हेही एक कारण आहे.

आधी उभारणीचे पाहू. ही स्नानगृहे सम्राट अँटोनिनस पायस याच्या काळात सुरू होऊन, इ.स. 145 ते 162 च्या दरम्यान बांधली गेली. आज पाहणारा ज्या जाडजूड खांबांमधून आणि कोठ्यांमधून हिंडतो तिथे रोमन माणूस कधी आंघोळीला उतरला नाही. हा सेवेचा मजला होता. भट्ट्या, सरपण, पाण्याच्या वाटा आणि राबणारी माणसे इथे असत, तर दालने आणि हौद वरच्या मजल्यावर. समुद्रालगत खोल खणले की पाणी लागते, म्हणून एरवी जमिनीखाली जाणारा मजला इथे जमिनीवरच बांधून त्यावर इमारत चढवली होती. ती वरची इमारत जवळजवळ पूर्ण गेली आहे. गार पाण्याच्या मोठ्या दालनात आठ करडे ग्रॅनाइटचे खांब होते. त्यांतला एक पुन्हा उभा केलेला आहे, सुमारे 15 मीटर उंचीचा. त्याच्या माथ्यावरचे संगमरवरी स्तंभशीर्षच चार टनांच्या घरातले आहे.

तो एक खांब योग्य आहे. छत किती उंच असेल याचा अंदाज त्याच्याकडे मान वर करून पाहिल्यावर येतो आणि तेवढ्याने काम भागते. उरलेले सात उभे करा म्हणणाऱ्यांनी खालच्या मजल्याकडे नीट पाहावे. शेकडो वर्षे डोक्यावरचे ओझे गेलेले आणि आत मीठ मुरलेले ते दगडी पाये आहेत. नव्याने भार टाकायचा तर आत सळया, सिमेंटचे इंजेक्शन, काँक्रीटचे पट्टे घालावे लागतील. त्यानंतर आत जे उभे राहील ते मूळ बांधकाम नसेल. शिवाय उभारायला दगड तरी कुठे आहे? कार्थेज ही पुढच्या राजवटींसाठी हजारभर वर्षे दगडाची खाण होती. कैरुआनच्या मोठ्या मशिदीत आणि ट्यूनिसच्या झितुना मशिदीत इथले खांब आजही छत पेलून उभे आहेत. ते तिथेच असावेत.

कार्यक्रमांसाठी जागा हवी असेल तर कार्थेजचे रोमन नाट्यगृह आहे. ते विसाव्या शतकात बरेचसे नव्याने बांधले गेले आणि 1964 पासून तिथे आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. बांधून झालेल्या जागेत दिवे लावा, ध्वनिक्षेपक लावा. स्नानगृहांच्या खालच्या मजल्यात नको.

आता देखभालीचे, म्हणजे मुख्यतः मिठाचे. जुन्या घराच्या भिंतीला लोणा लागतो हे कोकणात कुणाला सांगावे लागत नाही. कार्थेजमध्ये नेमके तेच घडते, फक्त प्रमाण मोठे. इथला पुष्कळसा दगड आखातापलीकडच्या अल हवारिया इथल्या समुद्रकाठच्या खाणींमधून आलेला सच्छिद्र वालुकाश्म आहे. समुद्राचा फवारा आणि जमिनीतून चढणारी ओल यांच्याबरोबर मीठ त्याच्या छिद्रांत शिरते. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतले पाणी ओढून विरघळते, खाली आली की पुन्हा खडा धरते. किनाऱ्यावर रात्री आर्द्रता वर आणि दुपारी खाली, असे दिवसेंदिवस चालते. प्रत्येक वेळी स्फटिक छिद्राच्या भिंतींवर आतून दाब देतो. मग दगड पिठासारखा झडतो, किंवा वरचा पापुद्रा फुगून सुटतो. बोट फिरवले तर बोटाला वाळू लागते.

मीठ पूर्ण काढता येत नाही. ते कुठून बाहेर पडावे एवढेच आपल्या हातात असते, आणि गेल्या शतकातली सर्वांत महाग चूक इथेच झाली. भूमध्य समुद्राच्या दोन्ही काठांवर दगडांच्या दरजा सिमेंटने भरल्या गेल्या. सिमेंट दगडापेक्षा घट्ट असते, त्यातून ओल बाहेर पडत नाही, आणि त्याच्यात स्वतःचेही क्षार असतात. दरजेतून सुकायची ओल मग दगडातून सुकते, मीठ दगडाच्या तोंडाशी जमते आणि दगड आत खचत जातो. काही वर्षांनी सिमेंटची दरज ताठ बाहेर आलेली आणि तिच्यामधला दगड खोबणीसारखा खोल गेलेला दिसतो. दुरुस्ती टिकते आणि जिच्यासाठी ती केली ती वस्तू जाते.

इथे चुना हवा. रोमन गवंडी स्वतः चुन्यात विटांचा चुरा मिसळत, हौद आणि नळ जलरोधक करायला. आपल्याकडचे सुर्खी घातलेले चुन्याचे काम याच जातीचे. कृती अवघड नाही, चिकाटीची आहे. जुनी सिमेंटची दरज हातोडी-छिन्नीने काढायची. ग्राइंडर लावायचा नाही, कारण त्याची पाती दगडाच्या कडा खाते. दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, निदान अडीच सेंटिमीटर खोल जायचे. सुटी माती ब्रशने काढून, गोड्या पाण्याने आतला भाग ओलावून घ्यायचा. मिश्रणात एक भाग चुना आणि अडीच भाग धुतलेली कणीदार वाळू, त्यात पाव ते अर्धा भाग सुर्खी. समुद्राची वाळू कितीही जवळ असली तरी वापरायची नाही, तसेच खारट विहिरीचे पाणीही. खोल दरज एका दमात भरली तर चुना आकसून तडकतो. म्हणून दोन सेंटिमीटरहून जाड थर न देता दाबून भरायचे, थोडे आवळले की ताठ ब्रशने ठोकायचे आणि आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवायचे. बहुतेक जागी काम फसते ते या शेवटच्या आठवड्यात. ठेकेदाराची माणसे पुढच्या भिंतीकडे जातात, गोणपाट दुपारपर्यंत वाळते आणि चुना पक्का होण्याआधी भुसभुशीत होतो. ट्यूनिसच्या उन्हाळ्यात तर हे काम काढूच नये. वसंत आणि शरद हेच त्याचे दिवस.

भिंतीवर पांढरी बुरशी दिसावी तसे मीठ फुलले की पाइपने धुऊन काढायचा मोह होतो. धुतलेले मीठ विरघळून पुन्हा आत जाते. ते कोरड्या मऊ ब्रशने झाडून, गोळा करून, उद्यानाबाहेर टाकायचे. कोरीव दगड असेल तर कागदाचा लगदा आणि चिकणमाती शुद्ध पाण्यात कालवून त्याचा लेप द्यायचा. लेप सुकताना मीठ ओढून घेतो. सुकला की काढायचा आणि मिठाचे प्रमाण मोजून पुन्हा द्यायचा.

उत्तर आफ्रिकेतल्या रोमन भिंतींची एक खास रचना आहे. ठरावीक अंतरावर मोठे उभे-आडवे घडीव दगड आणि त्यांच्यामध्ये लहान दगडांची भर. ही भर पडली तरी मोठे दगड उभेच दिसतात, आणि म्हणून धोका लक्षात येत नाही. पाऊस भिंतीच्या उघड्या माथ्यावरून आत शिरतो, भरीतला चुना धुऊन नेतो, खालून मूठभर दगड सुटतात, आणि तीन-चार पावसाळ्यांत दोन उभ्या दगडांमध्ये काहीच उरत नाही. मग एखादे वादळ पुरते. दर शरद ऋतूत, पाऊस सुरू होण्याआधी, भिंतींचे माथे तपासून चुन्याने उतार देऊन बंद केले, तर यातले बहुतेक नुकसान टळते. एक गवंडी, एक मदतनीस, शिडी आणि दोन गोणी चुना एवढ्याने बरीच भिंत उरकते. लाखोंचा प्रकल्प पाच वर्षांनी आला तर तेव्हा भर घालायची नसते, पडलेले दगड क्रमांक टाकून मांडायचे असतात.

मोझेक फरशांबाबत, म्हणजे लहान रंगीत तुकडे जुळवून केलेल्या रोमन फरशांबाबत, ट्यूनिशियाने स्वतःच रस्ता दाखवलेला आहे. एके काळी फरशी उचलायची आणि सळयांच्या काँक्रीटवर बसवायची अशी रीत होती. खाऱ्या हवेत सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, काँक्रीट तडकते आणि त्याच्याबरोबर वरची फरशीही. हे उमगल्यावर 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या राष्ट्रीय वारसा संस्थेने गेटी संवर्धन संस्थेच्या साथीने तंत्रज्ञ घडवायला घेतले. फरशी जागेवरच ठेवायची, कडा चुन्याने बांधायच्या, सुटलेले तुकडे बसवायचे, सगळे आराखड्यावर नोंदवायचे, आणि दाखवण्याची गरज नसेल तेव्हा पुन्हा झाकायचे. झाकण्यातही शहाणपण लागते. प्लास्टिक अंथरले तर खाली वाफ कोंडते आणि मुळे ओलीच्या मागे आत शिरतात. हवा जाऊ देणारे कापड, वर वीस-तीस सेंटिमीटर धुतलेली वाळू, त्यावर खडी. हे तंत्रज्ञ कायम नोकरीत, ठरलेल्या जागेवर आणि हाताशी साहित्य असलेले असायला हवेत. अशा उद्यानाच्या अंदाजपत्रकातली पहिली ओळ त्यांच्या पगाराची असावी.

झाडांबद्दल पुरातत्त्वाच्या लोकांचा आणि नागरिकांचा वाद सगळीकडे आहे. मुळे भिंती फोडतात हे खरे आहे. अंजीर आणि केपरची झुडपे दरजेतच उगवतात. ती ओढून काढली की मुळाबरोबर भिंतीचा पोटातला चुना येतो, म्हणून कोवळी असतानाच कापायची आणि खुंट मरू द्यायचा. पण म्हणून बाग काढून टाका म्हणणे मला पटत नाही. सावलीशिवाय जुलैत इथे कुणी अर्धा तास थांबणार नाही, आणि जिथे गावचे लोक थांबत नाहीत तिथे काय पडले, काय चोरीला गेले हे पाहायला कुणी नसते. खजुराची मुळे तंतुमय असतात, ती फार त्रास देत नाहीत. निलगिरी मात्र अवशेषांजवळ असू नये. झाडांपेक्षा जास्त नुकसान त्यांना दिलेले पाणी करते. हिरवळीवर फिरणारा तुषार सिंचनाचा फवारा भिंतीवर रोज पडला तर समुद्राने वर्षभरात केले नसते तेवढे तो करतो. भिंतीपासून निदान दोन मीटर कोरडी, खडीची पट्टी, त्यापलीकडे ठिबक, आणि हिरवळीऐवजी रोझमेरीसारखी कमी पाण्यावर जगणारी झुडपे. पावसाचे पाणी खालच्या मजल्यात साचते, त्यासाठी रोमन गटारेच मोकळी करून वापरता आली तर उत्तम.

समुद्राचे थोडक्यात सांगायचे, कारण उद्यान एकटे त्याच्याशी झगडू शकत नाही. उभी काँक्रीटची भिंत घातली की लाट तिच्यावर आपटून परतते, पायथ्याची वाळू उपसते आणि किनारा उलट खचतो. ओबडधोबड दगडांचा उतार लाटेचा जोर मोडतो. पण वाळू कुठून येते आणि कुठे अडते हे पाहायचे तर ट्यूनिसच्या आखाताचा पूर्ण किनारा एकत्र घ्यावा लागतो. ते सरकारचे काम आहे.

आणि आता जमीन. 1972 मध्ये युनेस्कोने कार्थेज वाचवण्याची आंतरराष्ट्रीय हाक दिली, ती मुळात वाढत्या ट्यूनिसच्या घरांखाली हे शहर गाडले जाईल या भीतीने. अनेक देशांची पथके आली. ब्रिटिशांनी गोल बंदर खणले, फ्रेंचांनी बिर्सा टेकडी, जर्मनांनी स्नानगृहांजवळचाच किनाऱ्यावरचा मागो विभाग. 1979 मध्ये कार्थेज जागतिक वारसा यादीत आले. 1985 मध्ये कार्थेज आणि शेजारच्या सिदी बू सईद गावाचा पूर्ण परिसर सरकारी हुकमाने संरक्षित झाला. बाग, अवशेष आणि मधली मोकळी रानेही त्यात आली. ही रानेच महत्त्वाची. रोमन शहर कुंपणाच्या आत संपत नाही. झगवानच्या डोंगरातून 132 किलोमीटर वाहत आलेले पाणी कार्थेजमधल्या ला माल्गाच्या टाक्यांत साठत असे, आणि अशा टाक्यांतून स्नानगृहांना पुरत असे. स्नानगृहे, टाक्या आणि जलवाहिनी ही एकच रचना आहे. मधली जमीन बांधून टाकली तर खाली समुद्राकाठी उरते ती फक्त दगडांची रास असलेली एक सुंदर बाग.

1985 च्या त्या हुकमानंतर राष्ट्राध्यक्ष बेन अलींच्या राजवटीत त्याच परिसरातले तुकडे एकेका हुकमाने आरक्षणातून उठवले गेले आणि सत्तेच्या जवळच्या मंडळींच्या हाती बंगल्यांचे भूखंड पडले. 2011 च्या क्रांतीनंतर काही आठवड्यांतच हे हुकूम रद्द झाले. हे लोकांच्या दबावाचे यश आहे आणि त्याचे मोल कमी लेखू नये. पण त्याच काळात राज्ययंत्रणा ढिली पडली आणि बेकायदा बांधकामे रोमन रथशर्यतींच्या मैदानापर्यंत पोहोचली. काही पुढे पाडावी लागली. एका हुकमाने दिलेले संरक्षण दुसऱ्या हुकमाने जाते आणि ढिलाईनेही जाते. त्याला आराखड्याचा आधार लागतो. ट्यूनिशियाच्या 1994 च्या वारसा संहितेत तो आराखडा सांगितलेला आहे, प्रत्येक भूखंडावर काय चालेल आणि काय नाही ते नकाशावर ठरवणारा. कार्थेजचा हा आराखडा वर्षानुवर्षे मंजुरीवाचून रेंगाळला. जागतिक वारसा समितीने त्याची पुन्हा पुन्हा आठवण करून दिली.

आराखडा नसण्याचा सर्वांत मोठा फटका साध्या रहिवाशाला बसतो. मुलाचे लग्न झाले, वर एक खोली हवी आहे, अर्ज केला तर वर्षे जातात आणि उत्तर येत नाही. ज्याच्या ओळखी आहेत तो बांधतो. मग वारसा म्हणजे आपल्या खोलीच्या आड येणारी गोष्ट, असे गावाला वाटू लागते, आणि अशा गावाच्या मधोमध कुठलेही उद्यान फार दिवस सुरक्षित राहत नाही. रहिवाशाला स्पष्ट नकारसुद्धा अनिश्चिततेपेक्षा बरा वाटतो, कारण मग नुकसानभरपाई किंवा बदली जमीन मागता येते.

भारतात आपण दुसऱ्या टोकाची चूक करून बसलो आहोत. 2010 च्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय स्मारकाभोवती 100 मीटर बांधकामबंदी आणि पुढे 200 मीटर नियंत्रण, असे सरसकट वर्तुळ आहे. नियम स्पष्ट आहे, हा त्याचा गुण. पण डोंगरावरच्या किल्ल्याला, बाजारपेठेतल्या वेशीला आणि समुद्रातल्या दुर्गाला तीच दोरी लावली जाते. 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत आले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग यांच्या तटांना समुद्राचा फवारा रोज लागतो. विजयदुर्गाच्या खाडीकाठावर काय बांधावे याचा निर्णय कंपासने वर्तुळ काढून होणार नाही. तिथेही भूखंडवार नकाशा लागेल. कार्थेजमधून आपल्याला शिकायचे असेल तर 1979 च्या गौरवापेक्षा त्यानंतरची चाळीस-पन्नास वर्षे बारकाईने पाहावीत.

कार्थेजसाठी मागणी अशी. आराखडा मंजूर करा, त्याचा नकाशा कार्थेजच्या नगरपालिकेत भिंतीवर लावा, आणि 1985 च्या हद्दीतली जमीन उठवायची असेल तर ती संसदेत कायदा करूनच उठेल अशी तरतूद करा, म्हणजे रातोरात निघालेल्या एका हुकमाने ती जाणार नाही. आज ट्यूनिशियात संशोधन व संवर्धन एका संस्थेकडे आणि तिकीट, फाटक, प्रसिद्धी दुसरीकडे आहे. तिकिटाच्या पैशातला ठरलेला हिस्सा त्याच उद्यानात खर्च व्हावा आणि त्याचा हिशेब दरवर्षी छापला जावा. त्यातून आधी दोन गवंडी, दोन मोझेक तंत्रज्ञ आणि पाण्याची जाण असलेला एक माळी नेमा. शरद ऋतूत भिंतींचे माथे आणि गटारे, हिवाळ्यात झाकलेल्या फरशांची तपासणी, वसंतात दरजा, उन्हाळ्यात फक्त कोरडे झाडणे आणि नोंदी, असे वेळापत्रक त्यांना द्या. सात खांबांचा प्रस्ताव कुणी पुन्हा आणलाच, तर आधी या पाच माणसांचे पगार वेळेवर झाले का, एवढे विचारावे.